अकरा नंबरचा बावटा

"बावटो खय गेलो?"

बाबा पायऱ्यांवर उभे राहून विचारत होते आणि मी गाडीच्या डिकीत एकच बॅग तिसऱ्यांदा कोंबत होते. मी वर न बघताच म्हटलं की आधी बूट घाला, साडेनऊ वाजलेत, बारा वाजता पूल बंद होणार आहे. मग मान वर केली. बाबा समोरच्या घराकडे बघत होते. मिस लोरेटाच्या अंगणातल्या झेंड्याच्या खांबावर काल संध्याकाळपर्यंत जो काळा शंकू लटकत होता, तो आता नव्हता. आकाश निळंशार होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं.

"तिनां उतरवल्यान," बाबा म्हणाले, आणि अनवाणीच रस्ता ओलांडून चालू पडले.

मला त्यांचा भयंकर राग आला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, इंग्रजीचा गंध नाही, आणि गाव रिकामं होत असताना हा निघालाय शेजारणीची चौकशी करायला. मी डिकी आपटून बंद केली आणि त्यांच्यामागे गेले.

हे टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे जमिनीची एक लांबट पट्टी. मुख्य भूमीवर जायला एकच रस्ता आणि एकच पूल. घरं सगळी लाकडी खांबांवर उभी, पुरुषभर उंच. मी तिथल्या डायलिसिस सेंटरमध्ये नर्स होते. वादळाची खबर आली की सगळ्या पेशंटांचं डायलिसिस आधीच उरकून त्यांना आतल्या शहरांत पाठवायचं, हा आमचा नेम. नवरा आमच्या मुलीला घेऊन आदल्या दिवशीच ऑस्टिनला गेला होता. शेवटचा पेशंट रवाना केल्याशिवाय मला निघता येत नव्हतं, आणि बाबा माझ्याशिवाय निघायला तयार नव्हते.

बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. वेंगुर्ल्याजवळच्या एका लहानशा बंदरावर त्यांनी जन्मभर बावटा लावायची नोकरी केली. नाव बावटा, पण तो फडकत नाही. वेधशाळेची तार आली की बंदरावरच्या उंच काठीवर काळ्या कापडाचे शंकू आणि नळकांडी चढवायची. तीन नंबरचा बावटा म्हणजे सावध राहा, दहा नंबरचा म्हणजे मोठा धोका. मच्छीमार तार वाचत नाहीत, काठीकडे बघतात.

मिस लोरेटा एक्क्याऐंशी वर्षांची होती. नवऱ्याची कोळंबीची बोट होती, तो कधीच गेला. बाबा आल्यापासून रोज दुपारी तिच्या व्हरांड्यात जाऊन बसत आणि तिची खेकड्यांची फाटकी जाळी विणत. ती इंग्रजीत बोलायची, बाबा मालवणीत. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नसे, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. ती त्यांना कॅप्टन म्हणायची. मी एकदा सांगितलं की ते कॅप्टन नाहीत, तर म्हणाली, आता आहेत.

चार दिवसांपूर्वी टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसला, तसे बाबा उठले आणि तिच्या परसात गेले. तिकडे टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून तारेचे शंकूसारखे पिंजरे लावतात. त्यातला एक त्यांनी उपटला, त्यावर कचऱ्याची काळी पिशवी घट्ट बांधली आणि तिच्या झेंड्याच्या खांबावर चढवला. मिस लोरेटा हसून हसून खोकायला लागली. पण तिने तो राहू दिला.

आज तो तिच्या व्हरांड्यात कोपऱ्यात उपडा पडला होता. ती झोपाळ्यावर कॉफी पीत बसली होती आणि तिच्या दंडावर काळ्या मार्करने नऊ आकडे लिहिलेले होते. सकाळी पोलीस आला होता. जे गाव सोडायला नकार देतात त्यांच्या हातात तो मार्कर देतो आणि सांगतो की तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर दंडावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर ओळख पटवायला सोपं जाईल. बहुतेकांचं मन तिथेच बदलतं. मिस लोरेटाने नंबर लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली आणि मार्कर स्वतःकडेच ठेवून घेतला.

मी तिला विनवलं. आमच्या गाडीत जागा आहे, म्हटलं, बारा वाजता पूल बंद होतोय.

"टीव्हीवाला म्हणतो, वादळ लुईझियानाकडे वळतंय," ती म्हणाली. "आणि नाही वळलं, तरी हे बघ."

तिने दाराची चौकट दाखवली. मी ती अनेकदा बघितली होती. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे वादळाचं नाव आणि साल. सगळ्यांत वरची रेघ कार्लाची, १९६१ची, उंबऱ्याच्या वर जेमतेम वीतभर. त्याखाली अलिशिया, १९८३. पाणी आलं, चटया भिजल्या, पाणी गेलं. तिची आजी तर १९००च्या गॅल्व्हेस्टनच्या वादळातून वाचली होती, जेव्हा वादळांना नावंसुद्धा नव्हती आणि हजारो माणसं एका दिवसात गेली. आजीचा मंत्र एकच होता, घर सोडायचं नाही. घर सोडलं ते बुडाले.

"मी कार्ला पाहिलंय, हनी. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

बाबांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते जिन्याच्या खालच्या पायरीजवळ वाकून काहीतरी बघत होते. मीही बघितलं. रस्त्याकडेच्या चरात पाणी चढलं होतं, स्वच्छ, संथ पाणी. त्यावर लाल मुंग्यांचे गोळे तरंगत होते. वारा अजूनही नव्हता.

"वारो नाय आणि पाणी चढता," बाबा म्हणाले. "दर्या मागसून ढकलता. तिका सांग."

मी सांगितलं. मिस लोरेटाने डोकं हलवलं आणि कॉफीचा घोट घेतला. मी बाबांचा दंड धरला आणि म्हटलं की आपलं सांगून झालं, ती शहाणी आहे, चला आता. बाबांनी माझा हात सोडवला, तिसऱ्या पायरीवर बसले आणि मांडी घातली.

"मी येवचंय नाय," ते म्हणाले. "ही इली तर मी येतंय."

मी खूप बोलले. ऑस्टिनला मुलगी वाट बघतेय, म्हटलं, माझ्या जिवाची तरी पर्वा करा. तुम्हाला इथे मेलेलं बघायला मी विमानाचं तिकीट काढलं होतं का, असंही म्हटलं. त्या शब्दांची मला अजून लाज वाटते. बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा मी लहानपणी बंदरावर पाहिलेला तसा झाला होता, काठीचा दोर हातात असतानाचा. सव्वादहा झाले होते. चरातलं पाणी रस्त्यावर आलं होतं.

"तो काय म्हणतोय?" मिस लोरेटाने विचारलं.

"तुम्ही आलात तरच येईन म्हणताहेत."

ती झोपाळ्यावरून उठली. "त्याला सांग, हा मूर्खपणा आहे. मी त्याची कोण लागते?"

मी सांगितलं. बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "बस. तिका सगळां सांगतंय. तू तिच्या भाषेत सांग. काय गाळू नको."

दुभाष्याचं काम मला नवीन नव्हतं. लहानपणी आमच्या घरात मी तेच करत होते. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ सदू, मी पाळण्यात असताना तुफानात गेले. काकी तेव्हा वीस वर्षांची होती. ती आमच्याच घरात राहिली. आई शाळेत शिकवायला जायची, म्हणून मला वाढवलं काकीने. पण थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, असा आमच्याकडे जुना रिवाज. बाबा माजघरात आले की काकी स्वयंपाकघरात जायची. ताट वाढून आत व्हायची. बाबा मला म्हणायचे, काकीला सांग, आमटी बरी झालीय. काकी मला म्हणायची, दादांना सांग, तेल संपलंय. मधे चार पावलांचं अंतर असायचं आणि मी ते दिवसातून वीसदा चालायचे. इतर घरांतून हा रिवाज केव्हाच गेला, आमच्याकडे तो इतका कडक का, हे मी कधी विचारलं नाही.

"माज्या बंदरार असोच दिवस होतो," बाबांनी सुरुवात केली. "रातभर तुफान लागललां. सकाळी वारो पडलो. ऊन पडलां. तार तुटलली."

मी सांगितलं. मिस लोरेटा उभीच होती.

"तार तुटली तर अकरा नंबरचो बावटो लावूचो, असो नेम. अकरा नंबर म्हणजे, माका खबर नाय, पण धोको आसा."

तेही सांगितलं. पुढचं बाबा सलग बोलत गेले आणि मी मागून. वाळूत होड्या रुतल्या होत्या, भरतीच्या आत काढल्या नाहीत तर फुटणार होत्या. पण बावटा वर असेपर्यंत कुणी किनाऱ्यावर उतरत नसे, म्हणून लोक काठीखाली जमले. तुफान गेलं, आकाश बघ, बावटा उतरव, म्हणायला लागले. एकाने विचारलं, वेधशाळेची तार आली का?

बाबा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी म्हटलंय, इली."

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की बावटा उतरला होता. पण तो तारेच्या हुकमाने उतरला, असंच मी जन्मभर ऐकलं होतं. वेधशाळेचं चुकलं, असं गाव म्हणायचं. आई म्हणायची. मीसुद्धा शाळेतल्या निबंधात तेच लिहिलं होतं.

"काय म्हणाला?" मिस लोरेटाने विचारलं.

गाळू नको, असं ते म्हणाले होते. मी इंग्रजीत सांगितलं की तार आली नव्हती, आणि त्यांनी आली म्हणून सांगितलं.

"पाऊण तासान वारो उलट्या दिशेन फिरलो," बाबा म्हणाले. "तुफानाचो मधलो भाग डोक्यार होतो, तो माका कळाक नाय. सात जण गेले. सातवो माजो भाव."

मी हेही सांगितलं. आवाज माझाच होता, पण तो मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मिस लोरेटा सावकाश जिना उतरून त्यांच्या वरच्या पायरीवर बसली, तिचे गुडघे बाबांच्या खांद्याशी आले.

"त्याला बायको होती?"

"आसा," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिका तिनांच वाढवल्यान."

"तिला माहीत आहे?"

मी विचारलं. बाबांनी मान हलवली. "नाय."

पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं. मिस लोरेटा त्या पाण्याकडे बघत होती, मग चौकटीकडे, मग कोपऱ्यात उपड्या पडलेल्या त्या पिंजऱ्याकडे. तिने आपल्या दंडावरचे आकडे अंगठ्याने चोळले. ते पुसले गेले नाहीत.

"कॅप्टनला सांग," ती शेवटी म्हणाली, "मी वादळाला घाबरत नाही आणि हा एका बाईला घाबरतोय. मी घर सोडते. पण त्याने तिला सांगायचं. स्वतःच्या तोंडाने, तुझ्या नाही."

मी सांगितलं. बाबा पायरीला हात टेकून उठले.

"सांगतलंय," ते म्हणाले.

त्यानंतरही आम्ही लगेच निघालो नाही. बाबांनी तो शंकू उचलला आणि खांबाकडे चालू लागले. घोट्याच्या वर पाणी, घड्याळात पावणेअकरा, आणि यांना बावटा चढवायचाय. गावात आता तो बघायला कोण होतं? मी तोंड उघडलं होतं, पण मिस लोरेटा एक पिशवी खांद्याला अडकवून त्यांच्यामागे पाण्यात उतरली आणि तिने दोर हातात घेतला. बाबांनी गाठ मारली, तिने ओढला.

"कितवा नंबर?" तिने मला विचारलं.

"अकरा," बाबा मी विचारायच्या आत म्हणाले. एवढं त्यांना कळलं होतं.

पुलापर्यंतचे अकरा मैल मला अजून स्वप्नात दिसतात. रस्ता कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं, आणि वर लख्ख ऊन. आता पश्चिमेकडून बारीक वारा सुटला होता. बाबा पुढे बसले होते. विजेच्या खांबांकडे बघ, म्हणाले, दोन्ही बाजूंचे खांब सारखे लांब ठेव, मधे रस्ता असणार. एका ठिकाणी पाणी दाराच्या फटीतून आत आलं आणि इंजिन खोकलं. मी ओठ चावून पाय तसाच दाबून ठेवला. मागे मिस लोरेटा एकदाही वळून बघत नव्हती. पुलावर चढलो तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती, आणि आमच्यामागून पोलिसाने बारा वाजायची वाट न बघता रस्त्यावर आडवी गाडी लावली.

वादळ लुईझियानाकडे वळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आतल्या एका शाळेच्या जिमखान्यात होतो, दोनशे खाटांमध्ये. भिंतीवरच्या टीव्हीत हेलिकॉप्टरमधून काढलेली आमच्या पट्टीची चित्रं चालली होती. आमची गल्ली मी पाण्याच्या टाकीवरून ओळखली. घरं नव्हती. नुसते लाकडी खांब ओळीने उभे होते. गल्लीतल्या मागे राहिलेल्या दोघांची नावं बेपत्ता म्हणून वाचली गेली. मिस लोरेटा ते बघत होती.

"रेघ मारायला चौकट राहिली नाही," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "कॅप्टन. फोन."

या वेळी भाषांतर लागलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नंबर लावला. इथे सकाळचे आठ, तिथे संध्याकाळचे साडेसहा. काकी फोनवर नेहमी ओरडून बोलते, पलीकडचा माणूस अमेरिकेत आहे म्हणून.

"कुंदा? बरी आसास मगो?"

"बरी आहे काकी. बाबाही बरे आहेत."

"देवान राखल्यान. दादांका सांग, हयसर सगळां बरां आसा. माडाक पाणी घालतंय म्हणान सांग."

मी सवयीने बाबांकडे वळले. त्यांनी हात पुढे केला.

"माका दी."

त्यांनी फोन घेतला आणि म्हातारी माणसं धरतात तसा कानापासून वीतभर लांब धरला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "शेवंता," ते म्हणाले. काकीचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं.

"मी बोलतंय. सदूच्या दिवशी तार इली नव्हती. इली म्हणान मी खोटां सांगितलंय. बावटो मीच, माज्या मनान उतरवलंय. अकरा नंबर लावूचो होतो." त्यांनी दुसऱ्या हाताने खाटेची कड धरली. "एक्केचाळीस वर्सां तुका सांगूक धीर झालो नाय."

मग काकीचा आवाज आला. ती आता ओरडत नव्हती.

"दादानू, तार इली काय नाय, तां माका कित्याक?" ती म्हणाली. "तो निजललो. रातभर जागललो तो. बावटो खाली इलो तो मी अंगणातसून बघलंय. मीच तेका हलवून उठवलंय. म्हटलंय, जा, होडी काढ." तिने श्वास घेतला. "म्हणान मी कधी तुमच्यासमोर येवक नाय."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. त्या घरातली ती चार पावलं मी वर्षानुवर्षं चालले होते. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट होती आणि मी मधून आमटीचे आणि तेलाचे निरोप नेत होते.

बाबा खाटेवर बसले. फोन त्यांनी आता कानाला अगदी चिकटवला होता.

"जेवलंस?" त्यांनी विचारलं.

काकीने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मिस लोरेटाने माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा बाबांनी मोकळ्या हाताने मला थांब म्हणून खूण केली.

ते अजून बोलत होते.